दुसरं कडवं

आमच्या हिने गाणं काढलं त्या दिवशी मी एकच वाक्य बोललो, आणि ते वाक्य निस्तरायला मला पुढचा अख्खा महिना पुरला नाही. वाक्य तसं वाईट नव्हतं. "रेकॉर्डिंग अगदी स्वच्छ आहे," एवढंच मी म्हणालो. कॉलेजच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं घालवलेल्या हेडक्लार्कच्या तोंडून याहून मोठी तारीफ निघत नाही, हे नूतनला इतक्या वर्षांच्या संसारात कळायला हवं होतं. पण तिने मोबाइल माझ्या हातातून काढून घेतला, "बरं" म्हणाली, आणि त्यानंतर घरात एक शिस्तबद्ध शांतता सुरू झाली. चहा वेळेवर, डबा वेळेवर, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर, आणि फक्त उत्तर. भांडण झालं असतं तर निदान मला माझी बाजू मांडता आली असती.

गाणं अहिराणीतलं. नूतनचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, नरडाण्याच्या पलीकडचं. जळगावात येऊन तिला चोवीस वर्षं झाली, बालवाडीत ती पोरांना शुद्ध मराठीत बडबडगीतं शिकवते, पण कुणाची हळद असली की बायका तिलाच आधी पुढे बसवतात. ‘वांगं भाजी ठेवं, तू कव्हय येशी रे’ हे गाणं तिने स्वतः रचलं, चालही स्वतः लावली. म्हणजे वांगं भाजून ठेवलंय, तू कधी येणार. आमच्याकडे भरिताशिवाय हिवाळा जात नाही, तेव्हा विषयाला माझी हरकत नव्हती. शेजारच्या भिकमचंदशेठांच्या रोनकचा रिंग रोडला छोटा स्टुडिओ आहे. त्याने ते रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं.

रोनक तिशीचा, लग्न झालेला, धंद्याच्या बाबतीत बापाच्या वरताण. त्याने मला गच्चीवर गाठून परिस्थिती समजावली. "काका, रेडिओ तापीवर दर रविवारी दहाला ‘खान्देशी दहा’ लागतं. नवीन गाणं दहाव्या नंबरवर घेतात, पुढचा नंबर लोकांच्या फोन-मेसेजच्या मतांवर आणि यूट्यूबवर किती वेळा ऐकलं त्यावर. चार रविवारांत पहिल्या पाचांत आलं तर टिकतं, नाही तर यादीतून बाहेर. काकूंचं दुसरं गाणं मी करीन, पण हे पाचांत आलं तरच. पुढे लग्नसराईची बुकिंगं आहेत, मला ना म्हणता येत नाही."

दुसरं गाणं आहे हे मला त्या गच्चीवर कळलं. खाली येऊन पाहिलं तर फ्रिजवर एक वही होती आणि तिच्यात नूतनच्या बालवाडी अक्षरात, खाडाखोड करून, शेवटच्या ओळीपर्यंत ते लिहिलेलं होतं. मी वही उघडल्याचं तिने पाहिलं, आणि ती माझ्याकडे जराशी आशेने बघते आहे असं मला वाटलं. त्याच क्षणी मी ठरवलं की हे गाणं पाचांत आणायचं. कौतुक मला तोंडाने जमत नाही. पण काम सांगा, मी मागे हटत नाही.

पहिलं काम रेडिओच्या ऑफिसात निघालं. गाण्याची नोंद करायला एक फॉर्म होता आणि त्यात ‘गीताचा जिल्हा’ असा रकाना होता. यादीत जळगावची पाच आणि धुळ्याची पाच गाणी समतोल ठेवायची, असं त्यांचं धोरण. मी ‘जळगाव’ लिहिलं. तिथल्या बाईंनी पहिली ओळ ऐकली आणि म्हणाल्या, "बोली तर धुळ्याकडची वाटते." मी खोडून ‘धुळे’ लिहिलं. मग त्या म्हणाल्या, "पण रेकॉर्डिंग जळगावचं, पत्ता जळगावचा." मी म्हणालो, "बाई, लग्नानंतर ती जळगावची झाली." त्या म्हणाल्या, "बाईंचा जिल्हा लग्नाने बदलतो हो, गाण्याचा बदलतो का?" प्रश्न मुद्द्याचा होता. मी स्वतः हयातभर लोकांना असेच प्रश्न विचारून परत पाठवत आलो आहे, त्यामुळे मला राग येण्याऐवजी आदरच वाटला. शेवटी ‘जन्माने धुळे, विवाहाने जळगाव’ असं लिहून खाली नूतनची सही आणि तिच्या भावाचं संमतिपत्र जोडलं, तेव्हा गाणं दहाव्या नंबरवर दाखल झालं.

शेजारी सल्ला द्यायला टपलेलेच होते. भिकमचंदशेठांचं कापडाचं दुकान आहे, आणि जगातला कुठलाही प्रश्न ते गादीवर बसूनच सोडवतात. "लीलाधरभाऊ, देखो, गिऱ्हाईक गर्दी बघून आत येतं. आधी गर्दी उभी करा, माल नंतर दाखवा." असं म्हणून त्यांनी दुकानात सकाळी दहा ते रात्री आठ आमचं गाणं लावून ठेवलं. तिसऱ्या दिवशी नोकरांपैकी दोघे आजारी पडल्याचा निरोप आला. पण खरी अडचण निघाली घरातून. शेठजींच्या पत्नी सुगनबाई यांच्या घरात वांगं चालत नाही. जैन धर्मात ते बहुबीज, म्हणून वर्ज्य. स्वतःच्या मुलाने वांग्याचं गाणं काढलं, हेच त्यांना पचलं नव्हतं, आणि आता ते वांगं दिवसभर दुकानात भाजलं जात होतं.

"नूतनबेन गाते छान," त्या आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "पण वांग्याऐवजी भेंडी नाही का करता येणार? आमच्या समाजातली दोनशे मतं मी देते."

दोनशे मतं! मी क्षणभर डळमळलो. आत जाऊन नूतनला विचारलंसुद्धा. तिने पोळी लाटता लाटता एकदाच वर बघितलं. मी बाहेर येऊन सुगनबाईंना सांगितलं की भेंडी चालीत बसत नाही.

मग टीव्ही. जळगाव-धुळ्याच्या केबलवर एक स्थानिक चॅनेल आहे, त्यावर ‘आपली माणसं’ नावाचा कार्यक्रम लागतो. रोनकच्या ओळखीने तिथे नूतनची मुलाखत ठरली, आणि त्यांनी मलाही बोलावलं. मी लग्नातला कोट काढला. वाढलेल्या अंगावर तो चढवताना खांद्याची शिवण उसवली, म्हणून मी पूर्ण मुलाखत कॅमेऱ्याकडे डावी बाजू करून बसलो. वीस मिनिटांत मला एक प्रश्न आला, "तुम्हाला घरी भरीत आवडतं का?" आणि मी "हो" म्हणेपर्यंत जाहिरात लागली. पडद्यावर माझ्या छातीखाली अक्षरं येत होती, ‘गायिकेचे पती’. नाव नाही, हुद्दा नाही. ज्या माणसाच्या सहीशिवाय कॉलेजातल्या एका पोराला दाखला मिळत नाही, तो माणूस पती म्हणून दोन जिल्ह्यांत दाखवला गेला. पण गाणं आठव्यावर चढलं, म्हणून मी हा अपमान गिळला.

यानंतर रोनकने मला एक शास्त्रीय गोष्ट सांगितली. निदान त्याने ती शास्त्रीय म्हणून सांगितली. यूट्यूबवर गाणं तीस सेकंद ऐकलं की एक वेळा ऐकल्याची नोंद होते. झालं! मी कामाला लागलो. ऑफिसात डाव्या हाताला मोबाइल ठेवायचा, गाणं लावायचं, तीस सेकंद झाले की बंद करायचं, परत लावायचं. सुरुवातीची ढोलकी, मग ‘वांगं भाजी ठेवं, तू कव्हय येशी रे, चूल थंडी व्हई गयी, तू कव्हय येशी रे’, आणि बंद. घरचा मोबाइल, माझा मोबाइल, ऑफिसचा कॉम्प्युटर, ग्रंथपालांचा कॉम्प्युटर. कॉलेजात मला पोरं ‘वांगंसर’ म्हणू लागली. प्राचार्यांनी एकदा केबिनमध्ये बोलावून विचारलं, "भदाणे, घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हणालो, "सर, सहाव्यावर आलंय." त्यांनी मला पाणी दिलं.

सहाव्यावर आलं होतं हे खरं. एक रविवार उरला होता आणि एक पायरी. इथे माझा धीर सुटला आणि मी नूतनच्या भावाला, प्रेमराजला, फोन केला. आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या आहेत, पण इतक्या कमी पैशांच्या फोनमध्ये इतकी मोठी चूक कधी केली नव्हती.

प्रेमराज गावचा सरपंच. त्याला मी गाणं म्हणालो, त्याने निवडणूक ऐकली. "दाजी, तुम्ही काळजी करू नका. आख्खं गाव आपलं शे. आठशे मतं अशी टाकसूत का रेडिओवालास्ना डोया फिरी जातीन!" दुसऱ्याच दिवशी गावात रिक्षा फिरू लागली. रिक्षावर नूतनचा फोटो, शेजारी प्रेमराजचा फोटो (दुप्पट आकाराचा) आणि खाली एक वांगं. वांगं ही निशाणी. घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, वॉर्डवार याद्या झाल्या, आणि बुधवारी मी तिथे पोहोचलो तेव्हा पारावर चारशे माणसं बसली होती. प्रेमराजने अभिमानाने हात फिरवून दाखवला. "देखा? बठ्ठा जण गानं ऐकाले येल शेतस!" माझं मन भरून आलं. मग मी पाहिलं की झाडाला कर्णा बांधला आहे, कर्ण्याची वायर एका मोबाइलला जोडली आहे, आणि चारशे माणसं त्या एका मोबाइलवर गाणं ऐकताहेत. तेही नीट नाही, कारण ढोलकी संपली की प्रेमराज माइक हातात घेऊन भाषण करत होता.

चारशे माणसं, नोंद एक. मी प्रेमराजला बाजूला घेऊन तांत्रिक बाजू समजावली. तो म्हणाला, "दाजी, एकजूट दिसनी ना? मंग झायं."

फोन तरी नीट होतील अशी आशा होती. रेडिओ तापीला फोन करून गाण्याचं नाव सांगायचं, एवढंच करायचं होतं. शनिवारी मी मुद्दाम रेडिओच्या ऑफिसात जाऊन बसलो. फॉर्मवाल्या बाई फोन घेत होत्या, आणि त्यांनी स्पीकर चालू ठेवला होता.

"हां, बोला, कोणतं गाणं?"

"आमनं मत नूतनताईले!"

"हो, पण गाणं कोणतं?"

"गानं नही ओ, ताईले! निशाणी वांगं!"

बाई शांतपणे फोन ठेवत आणि कागदावर फुली मारत. मग दुसरा फोन, तेच. तिसरा, तेच. गाण्याचं नाव नसेल तर मत बाद, हा नियम भिंतीवर लावलेला होता. दीड तासात अडीचशे मतं बाद झाली. एका म्हाताऱ्याने तर विचारलं, "बोटले शाई कव्हय लावशात?" नियम म्हणजे नियम, त्यावर मी काय बोलणार? मी स्वतः त्या बाईंच्या जागी असतो तर एवढीही दया दाखवली नसती.

याहून वाईट गोष्ट पुढेच होती. गावात प्रेमराजचं पॅनेल आहे तसं निंबाचंही आहे. निंबा हा प्रेमराजचा चुलतभाऊ, त्यामुळे वैर पक्कं. प्रेमराज गाण्याच्या मागे उभा राहिला हे कळताच निंबाने त्याच संध्याकाळी धरणगावच्या एका बाईचं गाणं शोधून काढलं आणि आपल्या सगळ्या माणसांना त्याच्यामागे लावलं. मी त्याला भेटून हात जोडले. तो बिचारा सभ्य माणूस. मला चहा पाजला, नूतनची चौकशी केली, आणि म्हणाला, "तुमनं गानं वाईट नही शे, दाजी. आमनी भाबीबी गुणगुणस. पन तेन्हामांगे प्रेमराज शे. मंग आमले दुसरं गानं लागस." शिवाय निंबाने आपल्या माणसांकडून गाण्याचं नाव पाठ करून घेतलं होतं. त्याचं एकही मत बाद झालं नाही.

चौथा रविवार. सकाळी दहा वाजता नूतनने ओट्यावर रेडिओ लावला. गेले तीन रविवार ती हा कार्यक्रम काहीतरी निवडत, चिरत, पुसत ऐकायची. त्या दिवशी ती हात पुसून नुसती उभी राहिली. फ्रिजवर ती वही होतीच. दहा, नऊ, आठ, सात अशी गाणी वाजत गेली आणि मग निवेदिका रिद्धी, जिच्या आवाजात नेहमीच वाढदिवस असतो, म्हणाली, "हॅलो खान्देश! पाचव्या नंबरवर आज चक्क बरोबरी! धरणगावचं एक गाणं आणि आपलं लाडकं ‘वांगं भाजी ठेवं’. मग असं करूया, दोन्ही गाण्यांच्या एकेका सगळ्यात मोठ्या चाहत्याशी बोलूया, आणि ठरवूया!"

धरणगावच्या गाण्याचा चाहता एक सलूनवाला निघाला. त्याने आधी गाणं पूर्ण म्हणून दाखवलं, मग ते त्याच्या दिवंगत आईला किती आवडलं असतं ते सांगितलं, आणि शेवटी रडला. मी मनात म्हटलं, नाटकी आहे. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"काका, आमच्याकडे या गाण्यासाठी सगळ्यात जास्त मेसेज तुमच्या नंबरवरून आलेत! एकशे शहाण्णव!"

"अजून सोळा पाठवले होते, ते पोचले नाहीत," मी नम्रपणे म्हणालो. ओट्यावरच्या रेडिओतून माझाच आवाज येत होता. नूतन माझ्याकडे बघत होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिच्या तोंडावर हसू होतं, आणि ते पाहून मला आपण जिंकलोच असं वाटलं.

"वा! मग काका, यातलं तुमचं आवडतं कडवं कोणतं?"

"सगळीच," मी म्हणालो.

"पहिली ओळ तर आता सगळ्यांना पाठ आहे. आम्हाला दुसरं कडवं म्हणून दाखवा ना!"

दुसरं कडवं. मी तोंड उघडलं. डोक्यात ढोलकी वाजली, वांगं भाजलं गेलं, चूल थंड झाली, आणि गाणं बंद पडलं. परत ढोलकी. परत वांगं. मी ते गाणं हजारो वेळा लावलं होतं आणि एकदाही तीस सेकंदांच्या पुढे गेलो नव्हतो. दोन जिल्ह्यांतल्या रेडिओंवर माझा श्वास ऐकू येत होता. नूतनच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. ते जाताना मी पाहिलं. त्यापुढे मला कुठेही बघवेना.

तिने माझ्या हातातून फोन घेतला. "मी म्हणते," ती रिद्धीला म्हणाली, आणि तिने गायला सुरुवात केली.

मीठनं इचारं, मिरचीनं इचारं,
गावनं इचारं, शिवारनं इचारं,
दिनभर चूलपुढे कोन बठेल व्हती,
ते मातर तू नही इचारं.

तिने फोन माझ्या हातात परत दिला. रिद्धी हळू आवाजात म्हणाली, "ताई, फार सुंदर. पण चाहत्याऐवजी गायिकेने म्हटलेलं नियमात बसत नाही हो." पाचवा नंबर धरणगावला गेला. नूतनने रेडिओ बंद केला, फ्रिजवरची वही घेतली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिली. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती कुठल्या फॉर्मवर लिहून कुणाकडे द्यावी हे कळत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी रोनक धापा टाकत आला. "काका, तुमचे बारा सेकंद!" रेडिओवाल्यांनी माझ्या गप्प बसण्याची क्लिप टाकली होती, पाठोपाठ नूतनचं कडवं, आणि वर मथळा दिला होता, ‘दुसरं कडवं सांगा, काका!’ एका दिवसात ती अर्ध्या खान्देशात पोचली होती. बायका नवऱ्यांसमोर मोबाइल धरून विचारत होत्या, ‘दुसरं कडवं?’ आणि नवऱ्यांच्या गप्प बसण्याचे व्हिडिओ करत होत्या. जामनेरच्या बाजार समितीत एका अडत्याला त्याच्या बायकोने लिलाव चालू असताना विचारलं म्हणे. लोक माझी फजिती बघायला यायचे आणि तिचं गाणं ऐकायला थांबायचे. चार आठवडे मी, शेठजींची गादी, केबल टीव्ही आणि एक पूर्ण ग्रामपंचायत यांना मिळून जे जमलं नाही, ते माझ्या बारा सेकंदांच्या अज्ञानाने झालं.

पुढच्या रविवारी ‘श्रोत्यांच्या खास आग्रहास्तव’ गाणं परत घेतलं गेलं, थेट दुसऱ्या नंबरवर. त्यासाठी वेगळा फॉर्म होता, तो मी भरला. प्रेमराजने गावात विजयाची मिरवणूक काढली. निंबानेही काढली. त्याचं म्हणणं, "आम्ही विरोध करा म्हणीसन बरोबरी व्हयनी, बरोबरी व्हयनी म्हणीसन फोन उना." यात काय चूक काढायची ते मला अजून सापडलेलं नाही. सुगनबाईंनी सांगून पाठवलं की दुसरं कडवं त्यांना चालतं, त्यात वांगं नाही. आणि रोनकने लग्नसराईची दोन बुकिंगं पुढे ढकलून नूतनच्या दुसऱ्या गाण्याची तारीख दिली.

माझी मात्र सोय राहिली नाही. बँकेत, भाजीबाजारात, दाखला न्यायला आलेल्या पोरांच्या बापांकडून, सगळीकडून एकच प्रश्न यायचा. म्हणून मी ते कडवं पाठ केलं. चालीसकट. कुणी विचारलं की मी खाडकन म्हणून दाखवतो, समोरचा खजील होतो.

पंधरा दिवस असा सराव झाल्यावर एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेलो. नूतन भाकरी थापत होती. मी घसा साफ केला आणि तिच्यासमोर पूर्ण दुसरं कडवं म्हटलं, एकही शब्द न चुकता. ती थापायची थांबली. पिठाचे हात तसेच धरून तिने शेवटपर्यंत ऐकलं. तिचे डोळे जरा ओले झाले, असं मला तरी वाटलं.

"आणि तिसरं?" ती म्हणाली.

मी पाटावर बसलो, मोबाइल काढला आणि गाणं सुरुवातीपासून लावलं. तिने गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मला लाज वाटत होती, आणि फार दिवसांनी बरंही वाटत होतं. तिसरं कडवं पहिल्या दोन्हींपेक्षा चांगलं आहे. कुणी विचारत नाही, पण मला येतं.